उताराची रेघ

मंडपाच्या खांबावरच्या पोपटाला पोरांनी यंदाही झेंडूची माळ घातली होती.

पोपट म्हणजे नारळाएवढी हिरवी डबी. सरकारी कागदांत तिचं नाव 'श्वासमापी'. जत्रा-उरुसांत दोन-तीन ठिकाणी चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली, त्यानंतर ती आली. माणूस घाबरला, चिडला किंवा नुसता ताणला गेला तरी त्याचा श्वास अडतो, आणि सुटतो तेव्हा त्यात काही वायू नेहमीपेक्षा जास्त असतात. एकट्या माणसाचं ते कळत नाही. पण गर्दीनं एकदम श्वास रोखला की भोवतालची हवाच बदलते. ती बदललेली हवा ही डबी हुंगते. मोकळ्या मैदानात तिला शेकडो माणसं लागतात, बंद खोलीत मूठभर पुरतात. सगळं ठीक असलं की दिवा हिरवा, ताण चढला की पिवळा. आणि लाल झाला की कार्यक्रम कुठलाही असो, लग्नाची वरात असो की मंत्र्यांची सभा, जागच्या जागी थांबवायचा आणि पुढची तारीख घ्यायची, असा नियम.

या नियमानं माणसं वाचली, हे खरं आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे घडलं त्यात डबीचा दोष शोधत बसलं तर हाती काही लागत नाही.

बिरोबा माळ ही यंत्रमागांच्या एका गावाला चिकटलेली वस्ती. इथल्या मंडळाचा जिवंत देखावा तालुक्यात गाजलेला. गणपतीसमोरच्या रंगमंचावर वस्तीतलीच माणसं अर्ध्या तासाचं नाट्य करतात, पण स्वतः बोलत नाहीत. संवाद, गाणी, ढगांचा गडगडाट, सगळं आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं. त्याला इथं 'ट्रॅक' म्हणतात. ट्रॅक वाजतो आणि नट ओठ हलवतात. रोज मागावर बसणारी बाई त्या अर्ध्या तासात ट्रॅकमधल्या उसन्या आवाजात असं काही बोलते की तिचा नवराही तिच्याकडं नव्यानं बघतो.

हे ट्रॅक करायचे जिनपाल मगदूम. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही, पण देखावा बसवणाऱ्याला मंडळात मास्तर म्हणायची रीत आहे, म्हणून साठीकडं झुकलेल्या या माणसाला सगळी वस्ती मास्तर म्हणायची. पेठेत त्यांची ध्वनिमुद्रणाची खोली होती. उद्घाटनांच्या निवेदनापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळ्याला ते आवाज द्यायचे आणि त्यातून उरलेला जीव देखाव्यात ओतायचे. विषय एकच: पाणी.

माळाच्या वरच्या अंगाला कापड रंगवणारे कारखाने आहेत. त्यांना इथं नुसतं 'प्रोसेस' म्हणतात. प्रोसेसचं पाणी ओढ्यात उतरतं आणि ओढ्याचं विहिरीत. विहिरीला कधी जांभळं पाणी येतं, कधी मोरपंखी. नळाला येतं ते पुरत नाही, मग लोक रंग बघून ठरवतात, आज प्यायचं की नुसतं भांड्यांना वापरायचं. सोळा वर्षांपूर्वी तानुबाई कोळेकरांचा नातू सिद्धू मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. पोर पहिलीत होतं. मास्तरांनी पहिला देखावा लिहिला तो त्याच्यावर. पुढं दरवर्षी गोष्ट थोडी बदलायची, नट बदलायचे, पण आजी तीच, पोरगं तेच, विहीर तीच. तानुबाई दरवर्षी पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसायच्या.

यंदा मामला जास्त गंभीर होता. ओढ्याच्या उगमाशीच एक नवी प्रोसेस येऊ घातली होती, आहेत त्या सगळ्यांना पोटात घेईल एवढी मोठी. तिची जनसुनावणी ठरली होती. सरकारी अधिकारी सभागृहात बसणार, लोकांनी येऊन हरकती सांगायच्या, त्या नोंदवून घेऊन मग परवानगीचं काय ते ठरणार. लोक आलेच नाहीत तर कुणाची हरकत नाही असं लिहून साहेब मोकळे. मागच्या एका प्रोसेसच्या सुनावणीला अगदी तेच झालं होतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही म्हणून मास्तरांनी जीव तोडून ट्रॅक केला होता. सुनावणी गुरुवारी सकाळी, आणि देखाव्याला परवानगी मिळाली होती ती नेमकी बुधवारी संध्याकाळची. मास्तरांना तो देवाचा कौल वाटला.

आता थोडं मास्तरांच्या कसबाबद्दल. पोपट आल्यापासून मंडळांना एक नवाच नाद लागला होता. देखावा चालू असताना दिवा पिवळा झाला तर देखावा खरा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. 'त्यांचा पोपट हललाबी न्हाई' असं म्हणून एकमेकांना हिणवायचे. लाल होऊन मात्र चालत नव्हतं. लाल झाला की पोलीस ट्रॅक बंद करणार. मास्तरांचा हातखंडा असा की सिद्धू विहिरीच्या काठावर कोसळायचा त्या क्षणी दिवा हटकून पिवळा व्हायचा, आणि तो लालीकडं झुकायच्या आत त्यांचं गाणं सुरू व्हायचं:

निवळेल ग पाणी, आई, निवळेल ग पाणी,
गाळ बसू दे तळाला, मग निवळेल ग पाणी.

चाल इतकी मऊ होती की दुसऱ्या कडव्याला सगळा चौक गायला लागायचा. बाया रडायच्या, पुरुष नाक ओढायचे, दिवा हिरवा व्हायचा आणि मग टाळ्या. पोलिसांतर्फे सर्वांत शिस्तशीर देखाव्याला शांतता करंडक मिळतो. मंडळाच्या कपाटात ते करंडक ठेवायला आता जागा नव्हती.

सोमवारी दुपारी मास्तर खोलीत शेवटचा हात फिरवत बसले होते, तेव्हा नसीमा आली. नसीमा मुजावर, माळावरचीच पोरगी. पहिल्या देखाव्यातला सिद्धू हिनंच केला होता. त्या वर्षी कुणी मुलगा द्यायला तयार नव्हतं, तर हिनं हट्टानं केस कापून घेतले होते. आता ती जिल्ह्याच्या शांतता कक्षात विश्लेषक होती. सगळ्या जिल्ह्यातल्या पोपटांचे आकडे त्या कक्षात गोळा होतात आणि कुठल्या मंडळानं कुठल्या संध्याकाळी देखावा करायचा, हेही तिथंच ठरतं.

"च्या सांगतो थांब," मास्तर उठत म्हणाले.

"नको मास्तर. बसा तुम्ही."

ती मात्र बसली नाही. खोलीच्या एका भिंतीला मास्तरांनी काळा रंग दिला होता आणि त्यावर खडूनं एक लांब रेघ ओढलेली होती: हळूहळू चढत जाणारी, टोकाला पोचून मग लगबगीनं उतरणारी. नसीमा तिच्याकडं बघत उभी राहिली.

"ही कुणी काढली?"

"मीच की. नटांस्नी समजावं म्हणून काढतो दरसाल. हितनं चढ. हितं सिद्धू पडतो. हितनं गाण्याचा उतार."

"आमच्या पडद्यावर बिरोबा माळाची रेघ अशीच दिसते," नसीमा म्हणाली. "हुबेहूब. फक्त आमची इथं थांबत नाही."

तिनं खडू उचलला आणि मास्तरांची रेघ पुढं ओढायला सुरुवात केली. उताराची रेघ सुरुवातीच्या पातळीला आली आणि तिथं न थांबता आणखी खाली गेली. मग ती तळाशी, सपाट, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जात राहिली. शेवटी खडू कोपऱ्याला टेकला.

"हे काय काढलंस?"

"देखाव्यानंतरचे दिवस. चौकातला पोपट, विहिरीवरचा, दवाखान्याबाहेरचा, सगळ्यांचे आकडे मिळून. देखाव्याआधी माणसं इथं असतात, मास्तर. चिडलेली. देखावा झाला की इथं खाली येतात. आणि मग किती दिवस वर येतच नाहीत."

मास्तर हसले. "मन हलकं होतं माणसाचं. वाईट काय त्यात?"

"तुम्हाला बुधवार कुणी दिला?"

"तुमच्याच कक्षानं."

"आणि मागच्या सुनावणीच्या वेळी?"

मास्तरांनी आठवून बघितलं. त्या वेळचा देखावाही सुनावणीच्या आदल्या दिवशीच होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं.

"ज्या साली प्रोसेसचा बांध फुटून उसाच्या शेतांत रंग गेला," नसीमा म्हणाली, "त्या साली दिवाळीत तुम्हाला मुद्दाम बोलावून परत देखावा करायला लावला. मंडपाचा खर्च सरकारनं केला. आठवतंय?"

"त्यो सन्मान होता आमचा."

"होताच. तुमचा देखावा सगळ्यांना आवडतो तिथं. साहेबसुद्धा बघतात आणि रडतात, खरंच सांगते."

"मग आमच्यावर बंदी का आली न्हाई इतकी वर्षं? आमी त्यांच्याच विरोधात बोलतोय न्हवं?" मास्तरांचा आवाज चढला. "मी म्हणत हुतो, आपली ताकद हाय म्हणून हात लावत न्हाईत."

"बंदी घातली की रेघ वर जाते. दोन गावांत करून बघितलं त्यांनी. तुमच्या देखाव्यानं ती खाली येते. तिथं कुणी दुष्ट बसलेलं नाही, मास्तर. त्यांना शांतता पाहिजे. आणि तुम्ही ती फार चांगली करता."

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांची नजर खडूच्या रेघेवरून मागं मागं गेली. मग काहीतरी सापडल्यासारखं विचारलं, "पहिल्या सालची रेघ कशी हाय?"

"तेव्हा पोपट कुठं होते? पण ते साल मला चांगलं आठवतंय. मी डोळे मिटून स्टेजवर पडले होते, आणि लाइट गेली."

ते साल माळावर सगळ्यांनाच आठवतं. सिद्धू पडला, आजीनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं आणि वीज गेली. ट्रॅक तिथंच मेला. आजीचं काम करणारी बाई तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली, कारण तिच्याकडं आवाजच नव्हता. अंधारात कुणी टाळी वाजवली नाही. कुणाला काय करावं कळेना. मग गर्दीतून कुणीतरी 'चला' म्हणालं, आणि सगळा चौक तसाच चालत प्रोसेसच्या दरवाज्याशी गेला आणि तिथं बसून राहिला. दिवाळी होईपर्यंत ती प्रोसेस बंद होती. माळाला टँकर सुरू झाले ते त्याच साली.

मास्तर मात्र त्या दिवशी घरी जाऊन लाजेनं रडले होते. त्यांच्या लेखी तो फसलेला देखावा होता. पुढच्या वर्षी त्यांनी आधी बॅटऱ्या आणल्या आणि मग ते गाणं लिहिलं. देखावा पुन्हा कधी अर्धवट राहिला नाही. माणसंही पुन्हा कधी दरवाज्यापर्यंत गेली नाहीत.

"माझं नाव कुठं घेऊ नका," जाताना नसीमा म्हणाली. "अम्मीचं सगळं माझ्यावर आहे."

"न्हाई घेत. पण पोरी, आधी का न्हाई सांगितलंस?"

नसीमा उंबऱ्यात थांबली. "मलाही देखावा बघून बरं वाटायचं, मास्तर. वाटायचं, आपण काहीतरी केलं."

बुधवारी संध्याकाळी चौक खच्चून भरला. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष संपत ऐकणाऱ्यातला नव्हता, आणि ऐकलं असतं तर करंडकाचं काय म्हणून भांडत बसला असता. ट्रॅकची कळ मास्तरांच्याच हाताखाली होती. त्यांनी एवढंच ठरवलं होतं की सिद्धू पडला की ती दाबायची. वीज जाईल तेव्हा जाईल. या वेळी आपणच घालवायची.

चढ नेहमीसारखा चढला. विहिरीचं पाणी रंगीत दिव्यांनी जांभळं झालं, मास्तरांच्या आवाजात डॉक्टर बोलला, सरपंच बोलला, सिद्धू काठावर पडला. आजी झालेल्या बाईनं दोन्ही हात वर केले. खांबावरचा पोपट पिवळा झाला.

मास्तरांनी कळ दाबली.

चौकात अशी शांतता पडली की गणपतीपुढची समई फुरफुरलेली ऐकू आली. आजी हात वर करून थांबली आणि घाबरून मास्तरांच्या दिशेनं बघायला लागली. दिवा पिवळाच होता, गडद होत होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा आपण खरं काही लिहिलं, असं त्यांना वाटलं. आता कुणीतरी म्हणेल, चला. त्यांनी डोळे मिटले.

बायकांच्या बाजूनं एक बारीक आवाज आला.

निवळेल ग पाणी...

मग दुसरा, तिसरा. मग सगळ्याच बाया. मग पुरुष, मग ओट्यांवरची, गच्च्यांवरची माणसं. कुणाला शब्द शोधावे लागले नाहीत. ट्रॅक बंद पडलाय, मास्तरांची फजिती होऊ नये, आपण सांभाळून घेऊ, अशा मायेनं सगळा चौक गात होता. आजी झालेली बाई सुटल्यासारखी हसली आणि तिनंही आपल्या स्वतःच्या आवाजात सूर धरला. दुसऱ्या कडव्याला पोपट हिरवा झाला.

"थांबा!" मास्तरांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "गाऊ नका! गाणं न्हाई आज! उद्या सकाळी सुनावणी हाय, तिथं या सगळी! अशीच या, आत्ता हायसा तशी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. हाही देखाव्याचाच भाग, असं सगळ्यांना वाटलं, आणि फार आवडलं. संपतनं धावत येऊन त्यांना मिठी मारली. "मास्तर, काय डोकं हाय! लोकांस्नीच गायला लावलंसा!" बंदोबस्तावरच्या फौजदारानंही लांबून अंगठा वर करून शाबासकी दिली.

गर्दी पांगली तेव्हा मास्तर रंगमंचाच्या पायरीवर बसलेले होते. तानुबाई अजून खुर्चीतच होत्या. त्या उठल्या आणि काठी टेकत त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी न्हाई गायले आज," त्या म्हणाल्या.

"का वो?"

"तुमी बंद केलंसा न्हवं? मला वाटलं, कायतरी कारण आसंल." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मास्तर, एक सांगू? राग मानू नका. दरसाल तुमी सिद्धूला पाडता, मी रडते, मग तुमचं गाणं लागतं, आनि घरी गेले की मला गपगार झोप लागती. सकाळी वाटतं, आपलं काम झालं. पोराचं कायतरी केलं आपन. काय केलं म्हनून इचारलं तर सांगता याचं न्हाई."

मास्तर पायरीवरून उठून उभे राहिले.

"मला मोकळं व्हायचं न्हवतं," तानुबाई म्हणाल्या. "उद्या मी येनार हाय. कोन येवो, न येवो."

सकाळी सभागृहात खुर्च्यांच्या रांगाच रांगा होत्या आणि माणसं पहिली रांग भरण्याइतकीही नव्हती. मास्तर, तानुबाई, संपत, आजीचं काम करणारी ती बाई, आणि दोघं-तिघं. मास्तर पहाटेपासून दारोदार फिरले होते. लोक प्रेमानं बोलले, काल लई झ्याक झालं म्हणाले, चहा घ्या म्हणाले, येतो म्हणाले. रागावलेलं कुणीच भेटलं नाही. समोर टेबलामागं तीन अधिकारी, नव्या प्रोसेसचे दोन प्रतिनिधी, एक लेखनिक. दारं-खिडक्या बंद, थंड हवेचं यंत्र चालू. भिंतीवर गणवेशातल्या शिपायासारखा एक पोपट, हिरवा.

मधले अधिकारी तरुण होते आणि बोलायला मऊ. त्यांनी पहिल्यांदा मास्तरांकडं बघितलं. देखावेवाले मगदूम म्हणून त्यांना सगळं जग ओळखत होतं. मास्तर उठले, पण त्यांच्या तोंडून शब्द येईना. मनात जे वाक्य तयार व्हायचं त्याला आधीच चढ असायचा आणि पुढचा उतारही दिसायचा. असं वाक्य आता बोलायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं, आणि दुसरं कुठलं वाक्य त्यांना येत नव्हतं. "आधी तानुबाई बोलतील," ते म्हणाले आणि त्यांनी तानुबाईंना हात धरून उठवलं.

तानुबाईंचा आवाज बसका होता. चढ नव्हता, उतार नव्हता. बाजारात काय आणलं ते सांगावं तशा त्या बोलत होत्या.

"माजा नातू. सिद्धू. त्याला सकाळी उलटी झाली. मी म्हटलं ऊन लागलं आसंल. तांब्याभर पानी पाजलं त्याला. परत उलटी झाली. परत पाजलं. रंग न्हवता वो पान्याला त्या दिवशी, चांगलं दिसत हुतं. दिसभर पाजत हुते. पोरगं नको म्हनत हुतं. मी म्हटलं पी, बरं वाटंल. हातानं तोंड उघडून पाजलं."

त्यांच्या देखाव्यात सिद्धू स्वतःच विहिरीवर जाऊन पाणी प्यायचा. सोळा वर्षं त्यांनी आजीच्या तोंडी एकाहून एक सरस संवाद घातले होते. हे वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्या दिवशी काय झालं हे तानुबाईंना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आपण हिच्या दुःखाला आवाज दिला, असं ते अभिमानानं सांगायचे. आवाज दिला नव्हता, तिचा होता तो झाकला होता. याची भरपाई आता कशानंच होणार नव्हती.

"मीच पाजलं," तानुबाई परत म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. घसा पार सुकला होता.

मधले अधिकारी न राहवून उठले. टेबलावरची बंद बाटली घेऊन ते स्वतः पुढं आले आणि ती त्यांनी तानुबाईंच्या हातात दिली.

"आजी, पाणी प्या जरा. बरं वाटेल."

बोलले, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं. ते तिथंच उभे राहिले. लेखनिकाचा हात थांबला. प्रोसेसचा एक माणूस खाली मान घालून बसला. तानुबाई बाटलीकडं बघत होत्या. आतलं पाणी अगदी निर्मळ होतं.

भिंतीवरचा दिवा पिवळा झाला. खोली बंद होती आणि पोपट श्वास कुणाचा हे विचारत नाही; साहेबांनी रोखलेला श्वासही त्यात होता. पिवळा गडद होत नारिंगीवर आला. लांब कुठंतरी पडद्यावर नसीमाला ही रेघ चढताना दिसत असेल. आणखी थोडी चढली की लाल, आणि लाल म्हणजे सुनावणी तहकूब, पुढची तारीख, आणखी एक महिना. महिन्यात परत दारोदार जाता येईल, आणि या वेळी आदल्या दिवशी गाणं न ऐकवता जाता येईल. पण तानुबाईंनी एक घोट घेतला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडणार, दिवा हिरवा होणार आणि पाच-सात हरकती नोंदवून साहेब जेवायला जाणार.

मास्तरांच्या ओठांवर ते गाणं आलं होतं. सवयीनं, आपोआप. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

तानुबाईंचा अंगठा झाकणावर होता. त्यांना किती तहान लागलीय, हे सगळ्यांना दिसत होतं. एका तहानलेल्या म्हातारीनं पाणी पिऊ नये म्हणून मास्तर मनातल्या मनात हात जोडत होते, आणि त्यांना स्वतःची लाज वाटत होती. उतार लिहायचा नाही, एवढं ते शिकले होते. पण न लिहिलेला उतार दुसऱ्याच्या सुकलेल्या घशात अडकवून ठेवायचा हक्क त्यांना कुणी दिला होता?